माग दाखवा, नाहीतर भरपाई द्या

"एवढं स्वस्त मिळतंय म्हटल्यावर त्याला कळायला नको?"

चोरीचा माल विकत घेऊन अडकलेल्या माणसाबद्दल हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये मिळतं, लोकलमध्ये मिळतं, चांगल्या शिकल्यासवरल्या मित्रांकडूनही मिळतं. बोलणाऱ्याला ते बोलताना फार बरं वाटत असावं. फसलेला माणूस एक तर बावळट किंवा लबाड, आणि आपण दोन्ही नाही, हे एका दमात सिद्ध होतं ना!

मला हे वाक्य अजिबात मान्य नाही. का मान्य नाही ते सांगण्यासाठीच आजचा हा सगळा प्रपंच. उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतोय, लष्करी सामानाचं. जिथे नगानगावर नंबर असतो, हिशेब ठेवायला अख्खी खाती नेमलेली असतात आणि एक वस्तू चुकीच्या हाती पडली तर माणसं मरू शकतात, तिथेसुद्धा "घेणाऱ्याने सावध राहावं" हाच जर उपाय सांगितला जात असेल, तर तुमच्या-माझ्या सेकंडहँड मोबाइलची काय कथा?

तर मंडळी, गोष्ट २०२२ सालची. ऑगस्ट महिन्यात माथियास मार्क्स नावाच्या जर्मन सुरक्षा-संशोधकाच्या हॅम्बुर्गमधल्या घरी एक पार्सल आलं. आत बुटाच्या खोक्याएवढं एक दणकट यंत्र होतं. त्याचं नाव सीक-टू. समोरच्या माणसाच्या बोटांचे ठसे घ्यायचे, बुबुळाचा नि चेहऱ्याचा फोटो काढायचा आणि हा माणूस आपल्या यादीत आहे का ते तिथल्या तिथे बघायचं, हे त्याचं काम. अमेरिकन सैन्याने असली यंत्रं अफगाणिस्तानात आणि इराकमध्ये वापरली. ईबेवर विकणाऱ्याने १४९ डॉलर ९५ सेंट मागितले होते. मार्क्सने ६८ डॉलर देऊ केले आणि सौदा झाला.

यंत्राच्या मेमरी कार्डावर २,६३२ माणसं निघाली. नाव, राष्ट्रीयत्व, फोटो, ठसे, बुबुळं, सगळं. यंत्र शेवटचं वापरलं गेलं होतं २०१२ च्या उन्हाळ्यात, कंदाहारजवळ. यादीत 'हवे असलेले' अतिरेकी होते, अमेरिकनांबरोबर काम केलेले दिसत होते असे लोक होते, आणि ज्यांचा गुन्हा म्हणजे ते त्या दिवशी नाक्यावरून चालले होते असेही लोक होते. माहिती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. यंत्रात शिरायला कागदपत्रांत लिहिलेला ठरावीक पासवर्ड पुरला. आमच्या धंद्यात एखाद्या नवख्या पोराने असं काही केलं तर त्याला कोपऱ्यात घेऊन समजावून सांगतात. इथे ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत लष्कराने केलं होतं.

मार्क्स हा 'केऑस कॉम्प्युटर क्लब' या संघटनेतल्या मंडळींपैकी. २०२१ साली काबूल पडलं तेव्हा अशी यंत्रं तालिबानच्या हाती लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणून या गटाने ईबेवर शोध घेतला आणि वर्षभरात एकूण सहा यंत्रं विकत घेतली. त्यांतलं आणखी एक २०१३ साली जॉर्डनमध्ये वापरलेलं होतं आणि त्यात, आता गंमत बघा, खुद्द अमेरिकन सैनिकांचेच ठसे आणि बुबुळं असल्याचं दिसलं. डिसेंबर २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे सगळं छापलं.

आता एक प्रश्न. या गोष्टीतला अजाण गिऱ्हाईक कोण?

मार्क्स नव्हे. तो हेच शोधायला निघाला होता. अजाण गिऱ्हाईक म्हणजे त्याला यंत्र विकणारी टेक्ससमधली जुन्या सामानाची कंपनी. तिचं म्हणणं असं की आम्ही हे सरकारी सामानाच्या लिलावात घेतलं, आत असं काही असेल याची कल्पना नव्हती. तिकडे अमेरिकन संरक्षण खात्याच्या माल-विल्हेवाट विभागाचं म्हणणं की ही यंत्रं उघड्या बाजारात यायलाच नको होती, काम संपल्यावर जागच्या जागी नष्ट करायची असतात. मग आलं कुठून? कुणी गोदामातून लंपास केलं, की कुणा कारकुनाने भंगाराच्या चुकीच्या ढिगात टाकलं? 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीतही त्याचा उलगडा झालेला नव्हता.

आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. वस्तू चोरीची आहे की रीतसर निकालात काढलेली, हे जिथे मूळ मालकालाच सांगता येत नाही, तिथे ईबेवरचे चार फोटो बघून ते ओळखण्याची अपेक्षा आपण गिऱ्हाइकाकडून करतो!

बरं, 'स्वस्त' या शब्दाचं काय करायचं? सुरुवातीच्या वाक्याचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे ना. २०१९ साली जर्मनीत बव्हेरियामधल्या एका वनाधिकाऱ्याने जुने लष्करी लॅपटॉप घेतले. चार लॅपटॉप, मिळून २२१ युरो. जंगलात वापरायला दणकट यंत्र हवं, एवढाच साधा हिशेब. त्यांतल्या एका लॅपटॉपवर मार्स या रॉकेट तोफखान्याच्या वापराची कागदपत्रं निघाली. आता हा माल त्याने कुठल्या गल्लीतून घेतला होता? गल्लीतून नाही हो. जर्मन सरकारच्याच मालकीच्या, सरकारी सामान विकण्यासाठीच असलेल्या 'फेबेग' या कंपनीकडून घेतला होता. पुढच्याच वर्षी, २०२० साली, 'जी डेटा' या कंपनीच्या संशोधकांनी ईबेवर ९० युरोला आणखी एक जुना लष्करी लॅपटॉप घेतला. त्यात ओझेलॉट या विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणेची माहिती होती, ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून निकामी कशी करायची यासकट. ही यंत्रणा तेव्हाही जर्मन लष्कराच्या वापरात होती. विंडोज उघडायला पासवर्ड लागत नव्हता, आणि माहितीच्या प्रोग्रामचा पासवर्ड होता 'गेस्ट'.

तात्पर्य, किंमत काहीही सांगत नाही. सरकार स्वतःच लष्करी सामान किलोच्या भावाने विकतं, कायदेशीररीत्या विकतं आणि दुसऱ्या महायुद्धापासून विकत आलंय. आपल्याकडे 'डिस्पोजलची जीप' हा शब्द ज्यांच्या घरात कौतुकाने बोलला जातो त्यांना हे वेगळं सांगायला नको. जिथे प्रामाणिक माल आणि चोरीचा माल एकाच भावात, एकाच पानावर, सारख्याच तीन ओळींच्या वर्णनासह पडलेला असतो, तिथे भावावरून चोरी ओळखा म्हणणं म्हणजे रंगावरून दुधातलं पाणी ओळखा म्हणण्यासारखं आहे.

तुम्ही म्हणाल, झाली असेल एखाद-दुसरी चूक. एवढ्या मोठ्या लष्करात व्हायचंच.

एखाद-दुसरी? एप्रिल २००६ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या वार्ताहराने अफगाणिस्तानातल्या बग्राम तळाबाहेरच्या बाजारात चोरीचे पेनड्राइव्ह विकायला ठेवलेले पाहिले. त्यांत अमेरिकन सैनिकांची वैयक्तिक माहिती होती आणि अमेरिकनांना खबरा देणाऱ्या अफगाणांचीही. बातमी छापून आल्यावर सैनिक त्या बाजारात गेले आणि पदरचे पैसे मोजून आपलेच पेनड्राइव्ह परत विकत घेऊ लागले!

पुढे एप्रिल २००८. अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासनीस खात्याने, म्हणजे जीएओने, आपली माणसं साधी गिऱ्हाइकं बनवून ईबे आणि क्रेगलिस्टवर पाठवली होती, त्याचा अहवाल संसदेपुढे आला. काय काय मिळालं म्हणता? एफ-१४ या लढाऊ विमानाचे सुटे भाग. (अमेरिकेने हे विमान २००६ साली निवृत्त केलं होतं. त्यानंतर ते उडवणारा एकच देश उरला होता, इराण.) रात्री दिसण्याचे चष्मे. चिलखतातल्या गोळीरोधक पाट्या. सैन्याचे चालू गणवेश. आणि गणवेशात काय एवढं, असं वाटत असेल तर जानेवारी २००७ मधलं करबला आठवा. अमेरिकन सैनिकांसारखे कपडे घालून आलेल्या हल्लेखोरांनी तिथे पाच अमेरिकन सैनिकांचा जीव घेतला होता. जीएओचा निष्कर्ष सरळ होता: दोन्ही बाजारांचे नियम आहेत, पण असा माल विकला जाऊ नये म्हणून प्रत्यक्षातली व्यवस्था फार तुटपुंजी आहे.

मग २०१६. केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवरच्या फोर्ट कॅम्पबेल तळावरचे सहा सैनिक आणि बाहेरचे दोघे यांच्यावर खटला दाखल झाला. दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचं सामान, त्यात नेमबाजांच्या दुर्बिणी आणि मशीनगनचे भाग, चोरून ईबेवर विकल्याचा आरोप होता. गिऱ्हाइकं रशिया आणि चीनपर्यंत पसरलेली. बाहेरच्यांपैकी एकाला पुढच्या वर्षी पंधरा वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात त्याचं म्हणणं काय होतं? हेच, की सैनिकांनी मला सांगितलं, हा माल लष्कराला नकोसा झालाय. ज्यूरीने त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच झालं. जो माणूस तळावरच्या माणसाकडून परत परत माल उचलतो त्याने "मला माहीत नव्हतं" म्हणायचं नसतं.

म्हणजे २००६, २००८, २०१६, २०१९, २०२०, २०२२. याला मी चूक म्हणत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एकच बग सोळा वर्षं परत परत उगवत असेल तर आम्ही तो युजरच्या माथी मारत नाही. म्हणजे मारायचा प्रयत्न करतो :) पण मनातून ठाऊक असतं की मूळ रचनेतच काहीतरी सडलेलं आहे.

ते काय सडलंय ते बघू.

या व्यवहारात चारजण असतात. पहिला मूळ मालक, म्हणजे लष्कर. त्याला वस्तूचा नंबर ठाऊक असतो. लष्करी सामानाच्या प्रत्येक प्रकाराला तेरा आकडी नाटो क्रमांक असतो, आणि २००४ सालापासून अमेरिकन संरक्षण खात्याचा नियम आहे की पाच हजार डॉलर किंवा त्याहून महाग अशा नव्या वस्तूवर यंत्राने वाचता येईल असा, त्या एकाच नगाचा क्रमांक कोरायचा. दुसरा विकणारा. त्याला ठाऊक असतं की त्याने हे कुठून आणलं. तिसरा बाजार भरवणारा, म्हणजे ईबेसारखी संकेतस्थळं. त्याला विकणाऱ्याचं नाव, बँक खातं, आजवर काय काय विकलं याची यादी, सगळं ठाऊक असतं. आणि शिवाय प्रत्येक सौद्यामागे त्याला दलाली मिळते. चौथा गिऱ्हाईक. त्याला काय ठाऊक असतं? फोटो. आणि "चालू स्थितीत, परत घेतलं जाणार नाही."

चौघांत सगळ्यात कमी माहिती ज्याला, त्याच्यावर सगळ्यात जास्त जबाबदारी. हा न्याय कुठला? आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर, गोदामवाला आणि दलाल असे तिघे सोडून संन्याशाला धरायचं चाललंय.

आणि नुकसानही त्याचंच होतं, बरं का. चोरीच्या वस्तूची मालकी चोराकडे नसते, म्हणून तो ती दुसऱ्याला देऊही शकत नाही, हे तत्त्व जवळजवळ सगळीकडे आहे. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे. जर्मन नागरी संहितेच्या ९३५व्या कलमात आहे, जाहीर लिलावासारखे अपवाद सोडून. म्हणजे तुम्ही कितीही सचोटीने पैसे मोजले असले तरी वस्तू मूळ मालकाची, आणि तुमचे पैसे विकणाऱ्याकडून निघाले तर निघाले. फौजदारी कायद्यात मात्र थोडी दया आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेचं ३१७वं कलम काय किंवा अमेरिकेचा सरकारी मालमत्तेच्या चोरीचा कायदा काय, घेणाऱ्याला ठाऊक होतं का हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला गुन्हेगार ठरवत नाही. आपल्या कलमात "चोरीचं आहे असं मानायला कारण होतं" तरीही पुरतं, आणि तिथेच पुन्हा ते "एवढं स्वस्त मिळतंय म्हटल्यावर..." मागच्या दाराने आत येतं.

इंग्लंडमध्ये एक गमतीदार जुना नियम होता. भरल्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, कुणी सचोटीने वस्तू घेतली तर ती चोरीची निघाली तरी घेणाऱ्याची झाली. हल्ली हे ऐकून चोरांची चंगळ वाटते, पण त्यामागे विचार होता. बाजार उघडा आहे, दिवसाउजेडी आहे, मग ज्याचं चोरीला गेलं त्याने येऊन शोधावं. शोधायची जबाबदारी मालकाची. १९९४ च्या कायद्याने तो नियम गेला, तेही ठीकच झालं. पण त्यातला विचार मला आज जास्तच लागू वाटतो. ईबे हा सूर्यास्तच न होणारा बाजार आहे, आणि वर त्याला शोधायची खिडकीही आहे! मार्क्सच्या गटाला घरबसल्या जी यंत्रं सापडली ती त्यांच्या मालकाला सापडू नयेत? सापडत नाहीत, कारण कुणी शोधत नाही. कारण न शोधण्याची किंमत त्याला पडत नाही.

याहून चोख व्यवस्था आपल्याच मुलखात होती. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराचं वर्णन आहे. हा कुठे रामोशी, कुठे भिल्ल, कुठे महार. गावात चोरी झाली की त्याने चोराचा माग काढायचा, पावलं बघत बघत. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या रखवालदाराला दाखवला की याची सुटका. आता जबाबदारी पुढच्या गावाची. त्याने माग आपल्या शिवेबाहेर गेल्याचं दाखवायचं. ज्या गावात माग थांबला, त्याने चोर द्यायचा, नाहीतर भरपाई. मी त्या काळाचे गोडवे गात नाहीये. ती व्यवस्था कुणाच्या घामावर चालायची आणि तिच्यात दंडेली किती असेल हे मला कळतं. पण तिचं गणित बघा. "माझ्या गावाला काय माहीत?" हे उत्तर तिथे चालतच नव्हतं. प्रत्येक शिवेला एक माणूस होता, आणि त्याला उत्तर द्यावं लागे.

माझी मागणी एवढीच आहे. हाच नियम लावा. लष्कराने दाखवावं की वस्तू आमच्या शिवेबाहेर कधी, कुणाच्या सहीने गेली. विकणाऱ्याने दाखवावं की मी कुठून घेतली. बाजारवाल्याने दाखवावं की मी विकणाऱ्याला हे विचारलं होतं. माग ज्याच्याकडे थांबेल त्याने गिऱ्हाइकाचे पैसे द्यावेत आणि पुढच्या परिणामांचं उत्तरही.

लगेच दोन आक्षेप येतील. दोन्ही मला पाठ आहेत.

पहिला बाजारवाल्यांचा. "रोज लाखो वस्तू येतात हो, कोण तपासणार?" हे ऐकून मला हसू येतं. खोट्या ब्रँडच्या मालाविरुद्ध तक्रार करायची सोय ईबेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ठेवली आहे. २०२० साली त्यांनी अमेरिकेत दोन हजार डॉलरवरच्या घड्याळांसाठी अशी सोय सुरू केली की घड्याळ आधी तज्ज्ञाकडे जाणार, तो ते हातात घेऊन खरं-खोटं तपासणार, आणि मगच गिऱ्हाइकाकडे. म्हणजे श्रीमंताच्या मनगटासाठी माणूस बसवता येतो. तेरा आकडी क्रमांकाचा साचा वर्णनात किंवा फोटोत ओळखून "थांबा, याचा कागद दाखवा" असं विचारणं हे त्याच्या मानाने पोरखेळ आहे. साचा ठरलेला, चार-दोन-तीन-चार आकड्यांचे गट. असा नमुना शोधायचा प्रोग्राम कॉलेजातली पोरं लिहितात. आता चोर क्रमांक खोडेल, फोटो धूसर काढेल, मान्य. मग 'क्रमांक नाही' हाच प्रश्न विचारायला पुरेसं कारण. सगळे चोर सापडणार नाहीत, पण आज विचारतच कुणी नाही.

आणि कायदा? अमेरिकेत जून २०२३ पासून ऑनलाइन बाजारांना मोठ्या विक्रेत्यांची ओळख तपासणं बंधनकारक झालं. चांगलं झालं. पण तो कायदा नव्या किंवा न वापरलेल्या मालाचा आहे, आणि वर्षाला दोनशे सौदे नि पाच हजार डॉलरची उलाढाल असणाऱ्यांना लागू आहे. कंदाहारहून आलेलं वापरलेलं यंत्र आणि ते एकदाच विकणारा माणूस, दोघेही या जाळीतून आरामात निसटतात.

दुसरा आक्षेप लष्कराचा. "आमचं काय काय हरवलंय याची यादी जाहीर करायची? शत्रूला आयती माहिती!" यादी जाहीर करा असं कोण म्हणतंय? आपल्याकडे मे २०२३ पासून 'संचार साथी'वर फोनचा आयएमईआय क्रमांक टाकला की तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. तुम्हाला यादी दिसत नाही. तुम्ही एक क्रमांक विचारता, उत्तर येतं. पाच हजारांचा सेकंडहँड फोन घेणाऱ्या आपल्या माणसाला जी सोय आहे, ती माणसांची बुबुळं साठवणाऱ्या यंत्राला नसावी? उघड खिडकी नको असेल तर फक्त बाजारवाल्यांना द्या. अडचण तंत्रज्ञानाची नाहीच. असा शोध सुरू झाला की किती वस्तूंचा हिशेब लागत नाही ते उघडं पडेल, ही खरी अडचण आहे. लाज वाचवायला गुप्ततेचं पांघरूण घेणं ही काही एकट्या अमेरिकन लष्कराची सवय नाही म्हणा. असो.

मग गिऱ्हाइकाला काहीच जबाबदारी नाही का? आहे. पण ती कळल्यानंतरची आहे. घेतलेल्या वस्तूत असं काही दिसलं की हात काढून घ्यायचे. चाळत बसायचं नाही, मित्रांना दाखवायचं नाही, आणि "आपले पैसे तरी वसूल होऊ देत" म्हणून पुढे तर मुळीच विकायचं नाही. त्या क्षणी तुमचं अजाणपण संपतं आणि फोर्ट कॅम्पबेलच्या त्या विक्रेत्याशी तुमची तुलना सुरू होते. जाहिरातीचा, पावतीचा, विकणाऱ्याच्या नावाचा फोटो जपून ठेवायचा आणि कळवायचं. मार्क्सच्या गटाने काय केलं बघा. अभ्यास केला, वाचा फोडली, आणि आपण लोकांची माहिती पुसून टाकणार असं सांगितलं. आणि अमेरिकन संरक्षण खात्याने काय केलं? ज्यांच्याकडे अशी यंत्रं असतील त्यांनी ती आमच्याकडे परत पाठवावीत, असं आवाहन केलं. म्हणजे या सगळ्या साखळीत आपलं कर्तव्य केलं ते फक्त शेवटच्या गिऱ्हाइकाने, आणि पुढची हमालीही त्याच्याच गळ्यात!

आता शेवटचं. एवढा वेळ मी चौघांबद्दल बोललो. खरं तर या व्यवहारात २,६३२ जण आणखी आहेत. त्यांनी काही विकलं नाही, काही विकत घेतलं नाही. कुणी एका नाक्यावर थांबवलं, डोळा यंत्राला लाव म्हटलं, त्यांनी लावला. नाही म्हणायची सोय नव्हती. २०२१ नंतर त्यांच्यातल्या कितीजणांना आपलं नाव त्या पेटीत असल्याची भीती वाटली असेल, कल्पना करा. माझा पासवर्ड फुटला तर मी दोन मिनिटांत बदलतो. बुबुळ बदलता येत नाही. तुमचंही नाही येत, आणि तुम्ही-मी आपली बुबुळं नि दहाही बोटं आधारच्या रांगेत उभं राहून दिलेली आहेत, म्हणून हे प्रकरण मला वाटतं तेवढं लांबचं नाही.

त्या माणसांच्या दृष्टीने यंत्र चोरीला गेलं, हरवलं, की लिलावात रीतसर विकलं गेलं, याने काडीचा फरक पडत नाही. त्यांना फक्त एवढं हवं होतं की कुणीतरी एका शिवेवर उभं राहून विचारावं, "हे कुठून आलं? कागद दाखवा." एकानेही विचारलं नाही. गोदामाने नाही, लिलावाने नाही, बाजाराने नाही.

आणि आपण विचारतो कुणाला? ६८ डॉलर मोजणाऱ्याला!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "त्याला कळायला नको?" असं म्हणालं, तर एवढंच विचारा: ज्यांना आधीच कळलेलं होतं ते गप्प का बसले, आणि गप्प बसण्याचे त्यांना किती पैसे मिळाले?

बघा पटतंय का.